हरवलेल्यांची खिडकी

बारावीनंतर डी.एड.ला माझा नंबर लागला नाही आणि एक अख्खं वर्ष मोकळं पडलं. त्या वर्षात पोरीचं लग्न उरकून टाका, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरू, असं अण्णांचं. आईला कोणी विचारलं नाही, पण तिने परस्पर एक केलं. लातूरच्या सरकारी टीव्हीच्या केंद्रात बिनपगारी मदतनीस पाहिजेत अशी पाटी तिने बाजारातून येताना वाचली होती. अण्णांचं जेवण झाल्यावर तिने ती गोष्ट अशी काढली, की जणू मंत्रालयातून बोलावणं आलं आहे. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. सरकारी म्हटल्यावर त्यांचा विरोध निम्मा मावळायचा, तसा मावळला. गल्लीत मात्र माझं नाव ‘फुकटफौजदार’ पडलं. काय देतात ग तिथं, असं जो तो विचारायचा, आणि मी खरं ते सांगायचे, की दोन वेळा चहा देतात.

केंद्र म्हणजे शहराच्या कडेला एक उंच मनोरा आणि त्याच्या पायाशी बसकी, पिवळी इमारत. दिवसभर तिथून मुंबई-दिल्लीचे कार्यक्रम पुढे जायचे. संध्याकाळी सहा ते साडेसहा एवढाच वेळ आमच्या भागाचा होता. त्यात बाजारभाव, पिकांची माहिती, एखादं भजन आणि शेवटची पाच मिनिटं हरवलेल्या माणसांची. आत गेलं की यंत्रांची एकसारखी घरघर ऐकू यायची. पहिले दोन दिवस तिने डोकं दुखलं, नंतर घरी आल्यावर ती नाही म्हणून चुकल्यासारखं वाटायला लागलं. प्रेक्षकांची पत्रं फोडायची, गाववार लावायची, निवेदिकेसाठी मोठ्या अक्षरात कागद लिहायचे, अशी कामं आम्हा चौघींकडे होती. माझं अक्षर बरं म्हणून महिनाभरात मला मागच्या खिडकीवर बसवलं. तिथे बाहेर पत्र्याच्या सावलीत एक बाक होता. ज्यांचं माणूस हरवलं आहे ते पोलिस ठाण्याचा शिक्क्याचा कागद आणि फोटो घेऊन त्या बाकावर येऊन बसायचे, आणि मी खिडकीच्या आतून विचारून विचारून लिहून घ्यायचे. नाव, वय, उंची, रंग, अंगावरचे कपडे, खूण, बोलतात ती भाषा.

केंद्रावर आमच्या प्रमुख जाधव मॅडम होत्या. मूळच्या नांदेडच्या, आवाज घोगरा, साडी नेहमी सुती. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली. “हे बघ, लोक इथं येऊन आपलं माणूस सजवून सांगतात. तू सजवून लिहायचं नाही. कागदावरचं माणूस उद्या बाजारात दिसलं तर ओळखू आलं पाहिजे.” मला तेव्हा ते नीट कळलं नाही. आठवड्याभरात कळलं. हरवलेल्या नवऱ्याचा फोटो म्हणून बायको स्टुडिओतला फोटो आणायची, मागे रंगवलेलं तळं आणि नवऱ्याच्या अंगात स्टुडिओवाल्याचाच कोट. तो घरातून निघाला होता फाटक्या बनियनवर. डोक्याने अधू असलेल्या मुलाला बाप म्हणायचा, “जरा अबोल हाय.” सुनेचा रंग गोरा, सासऱ्यांचं धोतर कोरं, पोराच्या पायात बूट. खोटं बोलायला आलेली ही माणसं नव्हती. आपल्या घरातलं माणूस चार लोकांपुढे, तेही टीव्हीवर जायचं, तर चांगलं दिसावं, एवढंच त्यांच्या मनात असायचं. लग्नकार्याला निघताना आपण जसं एकमेकांचा पदर, कॉलर नीट करतो, तसं ते करत. फक्त त्यामुळे माणूस सापडत नसे.

मी या कामात लवकरच तयार झाले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा माज आला. एकोणीस वर्षांची पोरगी, खिडकीच्या आत खुर्चीवर, आणि बाहेर बाकावर माझ्या आजोबांच्या वयाची माणसं. मी पेन खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “कपडे घरातून निघतानाचे सांगा, लग्नातले नको.” मग ते एकमेकांकडे बघायचे, एखादी बाई पदर तोंडाला लावायची, आणि हळूच खरं बाहेर यायचं. अहमदपूरहून एक म्हातारी नातवासाठी आली होती. तिच्यावर मी एवढी डाफरले, की मॅडमनी मला आत बोलावून पाणी प्यायला लावलं. तो नातू दुसऱ्या दिवशी सापडला, आणि म्हातारी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन आली. मला वाटलं, माझंच खरं. आता मी नांदेडला माझ्या मुलाकडे असते, हातात मोबाईल असतो, आणि त्यावर हरवलेल्या माणसांचे फोटो येतात. ते आजही लग्नातलेच असतात, वर ते उजळ करून घेतलेले. मी ते पुढे पाठवते आणि खाली लिहिते, निघताना अंगावर काय होतं ते कळवा. बऱ्याचदा उत्तर येत नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं, मागे बोळात नळ. त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. आई पहाटे उठून भाकरी थापायची, त्या थापण्याच्या आवाजाने आम्ही उठायचो. येसराची आमटी आठवड्यातून चारदा असे, कधी अंबाडीची भाजी, आणि रविवारी धपाटे. त्याच घरात त्या वर्षी आबा राहायला आले. आबा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावी शेती त्यांनीच केली, आणि अण्णांना शिकवलं तेही त्यांनीच. अण्णा वसतिगृहात असताना आबा दर पंधरा दिवसांनी भाकरीचं गठुडं घेऊन चालत जायचे, हे अण्णा शाळेतल्या मुलांना सुद्धा सांगायचे. काकू वारल्या आणि आबांचं मन ठिकाणावर राहिलं नाही. कोणी त्यांच्या नावाने हाक मारली तर ते बघत नसत. दिवसभर चालायचे, भर बाजारातल्या गोलाईला फेऱ्या घालायचे आणि दिवेलागणीला बरोबर घरी यायचे. चप्पल कुठेतरी सोडून यायचे म्हणून नंतर आम्ही घेणंच बंद केलं. एका प्रश्नाला मात्र ते नेमाने उत्तर द्यायचे. “आबा, बैलांना पाणी दावलं का?” असं विचारलं की थांबायचे, आठवल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, “हाव, दावलं.”

आणि त्यांच्या अंगात काकूंचा स्वेटर असायचा. किरमिजी रंगाचा, बायकांचा, पुढे गुंड्या आणि छातीवर पांढरी फुलं विणलेली. थंडी असो, ऊन असो. अण्णांना तो स्वेटर सहन व्हायचा नाही. स्वतः ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात जात नसत, आणि त्यांचा थोरला भाऊ बायकांचा स्वेटर घालून गोलाईत फिरतो, हे त्यांना शाळेत पोरांकडून ऐकावं लागलं होतं. त्यांनी एकदा तो ट्रंकेत घालून कुलूप लावलं. आबा ट्रंकेपाशी बसून राहिले, दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने किल्ली घेतली आणि स्वेटर काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग तह झाला, की स्वेटर घरात घालायचा आणि बाहेर जाताना पांढरा सदरा. तो पाळण्याचं काम आईकडे आणि माझ्याकडे आलं.

थंडीतल्या एका सकाळी नळाला पाणी आलं आणि गल्लीभर पळापळ सुरू झाली. आई पिंपं भरत होती, मी घागरी आत नेत होते, अण्णा शाळेत गेलेले. पाणी गेलं तेव्हा घरात आबा नव्हते. सदरा खुंटीवर तसाच होता. दिवेलागण झाली, ते आले नाहीत. अण्णा सायकलवर बस स्टँड, गोलाई, रेल्वे स्टेशन पालथं घालून आले आणि न जेवता ओट्यावर बसले. सकाळी पोलिसात जाऊन त्यांनी शिक्क्याचा कागद घेतला, आणि अकराच्या सुमारास माझ्या खिडकीच्या बाहेर, त्या बाकावर, माझे वडील येऊन बसले.

मी नेहमीसारखे प्रश्न विचारले. दुसरं काय करणार होते. नाव, वय, उंची. अण्णांनी वर्गात सांगावं तसं स्पष्ट सांगितलं. फोटो आणला होता तो त्यांच्या शाळेतल्या सत्काराचा, त्यात आबा शेजारी उभे होते, डोक्याला कोशा फेटा. मग मी विचारलं, “अंगात?”

“पांढरा सदरा, पांढरं धोतर.”

मी वर बघितलं. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीच्या गजाकडे बघत होते. “अण्णा, सदरा तर खुंटीला...”

“लिही,” ते म्हणाले. मग हळू आवाजात, “सगळं लातूर बघतं सहाला. ज्यानं मला माणसांत आणलं, त्याचं हसं मी करू का?”

मी लिहिलं. अहमदपूरच्या म्हातारीवर डाफरलेली मी, पांढरा सदरा, पांढरं धोतर, मनमिळाऊ स्वभाव, असं माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं. मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, “तुझे काका ना? नीट विचारलंस ना सगळं?” मी हो म्हणाले. मला काही अण्णांची भीती वाटली नव्हती. मला सुद्धा त्या स्वेटरची लाज वाटत होती, हे मी आज लिहिते आहे, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

संध्याकाळी आबांचा फोटो दिसला. गल्लीतली माणसं आमच्या दारात गोळा होऊन बघत होती, आणि शेजारच्या मावशी म्हणाल्या, “फोटो लई चांगला आलाय बगा.” केंद्रावर फोन यायला लागले. पांढरा सदरा आणि धोतर घातलेले म्हातारे मराठवाड्यात कमी आहेत का? एक अहमदपूरच्या स्टँडवर होता, एक औशाला, एक उदगीरला. अण्णा प्रत्येक ठिकाणी एसटीने गेले आणि परक्या म्हाताऱ्यांची तोंडं बघून परत आले. दुसऱ्या संध्याकाळी तीच निवेदनं पुन्हा गेली. आई स्वयंपाक करायची, पण थापतानाच तिचा हात थांबायचा. “थंडी लई पडून राहिली,” एवढंच ती म्हणायची.

तिसऱ्या दिवशी अण्णा उदगीरला गेलेले असताना खिडकीवर एक बाई आली. तिचा मुलगा हरवला होता. ती सांगू लागली, नवी पँट, निळा शर्ट. मी सवयीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “मावशी, खरं सांगा, निघताना...” आणि पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघेना. ती बाई घाबरली. तिला वाटलं तिच्या मुलाचं मला काही वाईट कळलं आहे. मी उठले, आत मॅडमच्या टेबलाशी गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. स्वेटर, चप्पल, बैल, आणि मी हो म्हणाले तेही. मॅडमनी चष्मा काढून पुसला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “बाहेरच्या बाईचं आधी लिहून घे,” त्या म्हणाल्या. “मग तुझ्या काकांचं नवीन लिही. आणि आज ते तूच वाचायचं. तू त्यांना बघितलेलं आहेस.”

संध्याकाळी मला दिव्यांपुढे बसवलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. उदगीरला कुठल्यातरी दुकानात अण्णा हे बघत असतील, आणि एवढा जन्मभर जपलेला त्यांचा मान मी माझ्या तोंडाने उतरवते आहे, हे मला पक्कं माहीत होतं. कागद हातात होता, पण मी तो फारसा बघितला नाही. मी सांगितलं की यांच्या अंगात बाईचा किरमिजी स्वेटर आहे, छातीवर पांढरी फुलं आहेत, तो त्यांच्या वारलेल्या बायकोचा आहे. पायात चप्पल नाही. यांची बुद्धी आता चालत नाही, नावाने हाक मारली तर बघत नाहीत. पण बैलांना पाणी दावलं का, असं विचारा. ते हाव, दावलं, असं म्हणतील. या आधी कपडे सांगितले ते चुकीचे होते. ते मी लिहिले होते. एवढं म्हणून मी हात जोडले.

कार्यक्रम संपायच्या आत फोन वाजला. धर्माबादहून, मोंढ्यातल्या म्हणजे मालाच्या बाजारातल्या अडत दुकानातून. बोलणारा हमाल होता, बोलण्यात तेलुगूची लय. “बाई, म्हातारा आमच्यापाशी हाय. मिरचीच्या पोत्याच्या आडोशाला बसतोय, आम्ही चहा-भाकर देऊन राहिलो. आत्ता इचारलं त्याला बैलाचं. म्हनला, हाव, दावलं.” मग तो म्हणाला, “दोन दिस तुमचा फोटो इथंच बघितला, बाई. फेटेवाले म्हातारे येगळे आन् हे येगळे, असं वाटलं. पायाला लई लागलंय त्यांच्या, ताप हाय. लवकर या.”

कोणत्या ट्रकात बसून ते तिकडे पोचले ते कधी कळलं नाही. हमालांनीच त्यांना रातोरात नांदेडच्या दवाखान्यात आणलं. आई आणि मी सकाळी पोचलो. आबांच्या पायात पत्रा घुसला होता आणि जखम चिघळून पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. तरुण डॉक्टर होते, त्यांनी शांतपणे सांगितलं की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. दोन दिवस आधी आणलं असतं तर कदाचित बोटांवर निभावलं असतं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा अण्णा दारात उभे होते. केंद्रावर फोन करून कळल्यावर उदगीरहून थेट आले होते, कपडे चुरगळलेले, आणि त्यांना मी तसं पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही करायला कागद घेतला. दिवसभर चालणारा माणूस त्यानंतर खाटेवर बसून राहिला. शेवटचे आठ महिने आबा आमच्या घरात दाराशी खाटेवर होते, आणि कधी कधी उठायला जायचे, पाय नाही हे विसरून. मी त्यांना धरायचे. पेन माझ्या हातात होतं, ही गोष्ट मला कोणी बोलून दाखवली नाही, पण त्यांना सावरताना प्रत्येक वेळी ती माझ्यासमोर उभी राहायची.

अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. रागावले आहेत असं मी धरून चालले. ताट वाढलं की जेवायचे, विचारलं तर हो-नाही म्हणायचे. मी खिडकी सोडून द्यायचं ठरवलं होतं. मॅडमना तसं सांगायला गेले, तर बाकावर तिघं जण बसलेले होते आणि माझ्या जागेवरची मुलगी पत्रांच्या ढिगात अडकलेली. मी म्हटलं, एवढे तिघं घेऊन मग सांगू. असं करत महिना गेला. आता मी डाफरत नव्हते. मीच आधी सांगायचे, की माझ्याकडून काय चुकलं. माणसं ऐकून घ्यायची आणि मग हळूहळू फाटकं, मळकं, अधू, सगळं सांगायची. परक्या माणसाला आपल्या घरातलं झाकलेलं सांगताना त्यांचे चेहरे कसे होतात, ते मी त्या खिडकीतून बघितलं, आणि एवढा विश्वास पुढे पस्तीस वर्षं शाळेत शिकवूनही मला कोणी दिला नाही.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अण्णा केंद्रावर आले. मला वाटलं, घरी काही झालं. ते खिडकीकडे आलेच नाहीत, बाकाच्या टोकाला बसले. बाकावर आमच्याच भागातला एक शेतकरी होता, आई हरवलेली. पन्नाशीचा, अंगापिंडाने मजबूत, पांढरे कपडे. मी विचारलं तसं त्याने सांगितलं, “हिरवं नऊवारी लुगडं. नवंच हाय.” मी माझं नेहमीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“कुठलं गाव तुमचं?” त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. “मी गुरुजी हाय. त्या पोरीचा बाप,” अण्णा म्हणाले. घरात ते असं बोलत नसत, गावाकडचं बोलणं त्यांनी कधीच सोडलं होतं. “माझा थोरला भाऊ हरवला व्हता. त्यानं मला भाकरी पोचवल्या म्हणून मी शिकलो. त्याच्या अंगात बाईचा स्वेटर व्हता, आन् मी हितं बसून सदरा सांगितला. पोरीला खरं माहीत व्हतं, मी तिला लिहू दिलं न्हाई. मला लाज वाटली. त्यात त्याचा पाय गेला. पोरीचा काही दोष न्हाई त्यात, माझा हाय.”

 तो शेतकरी माझ्याकडे वळून म्हणाला, “लिवा, बाई. लुगडं न्हाई अंगात. ती नेसतच न्हाई आता. पोराची चड्डी घातलेली हाय.” आणि तो तोंड झाकून रडायला लागला. अण्णांनी हात काढला नाही. मी मान खाली घालून, एकही शब्द न बदलता, तो सांगेल तसं लिहून घेत गेले.